शिरगावकरांच्या सहा बोटी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या शारजाच्या बिल्डिंगखाली एक पांढरी गाडी यायची. दोनदा हॉर्न वाजायचा आणि काच खाली करून शिरगावकर ओरडायचे, "वहिनी, यल्ला, चला! बोट चुकेल!"

कसली बोट आणि कसलं काय! मला जायचं असायचं दुबईला, ऑफिसात. ऑफिसही देऱ्यात, म्हणजे वाटेत दुबईची खाडीसुद्धा ओलांडायची नाही. पण शिरगावकरांच्या गाडीत बसलं की आपण बंदरावर चाललोय असंच समजायचं. मी त्यांच्या कारलिफ्टमध्ये तीन वर्षं होते. कारलिफ्ट म्हणजे महिन्याचे पैसे देऊन दुसऱ्याच्या गाडीतून रोज जाणं-येणं. मागच्या सीटवर त्यांचा रूममेट जोसेफ झोपलेला असायचा. पुढे मी, आणि माझ्या कानाशी भूमध्य समुद्र.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव सालची. शिरगावकर एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन होते. मूळचे देवरुखचे. बायको आणि दोन मुली तिकडेच. आधी पगार फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा नव्हता, पगार वाढला तर त्यांच्या आईने अंथरूण धरलं, मग मुलींच्या शाळा. असं करत करत एकोणीस वर्षं हा माणूस आखातात एकटा राहिला. आणि आता बायकोला घेऊन सत्तर दिवस भूमध्य समुद्राभोवती गाडीने फिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्षाची एक महिन्याची सुट्टी त्यासाठी साठवायला घेतली होती. त्यापायी दोन वर्षं ते घरीच गेले नव्हते. बायकोला दाखवायला जग, आणि त्यासाठी बायकोलाच भेटायचं नाही! मला हे गणित कधी समजलं नाही.

गणित सोडा, मला रस्ताही समजला नाही. भूगोलात मी पहिल्यापासून काठावर पास.

"बघा वहिनी," दुबईच्या सिग्नलच्या दोन किलोमीटर आधी गाड्या तुंबल्या की ते सुरू करायचे, "शारजाहून बोटीने इराण. ही बोट नंबर एक. इराण, तुर्कस्तान रस्त्याने. तिथून बोट दोन, इटली. इटलीतून बोट तीन, ट्युनिस."

"ट्युनिस तर आफ्रिकेत ना?"

"आफ्रिकेतच. तिथून बोट चार, फ्रान्स."

"अहो भाऊजी, फ्रान्स इटलीच्या शेजारीच आहे. रस्त्याने जा की. मध्ये आफ्रिका कशाला?"

"वहिनी, तो गोल आहे."

"गोल करून यायचं कुठे?"

"बोट पाचने परत तुर्कस्तानला."

"तुर्कस्तानला तर तुम्ही होतातच!"

"म्हणून तर गोल," ते शांतपणे म्हणायचे आणि गाडी चार फूट पुढे घ्यायचे. मागून जोसेफ झोपेत विचारायचा, "रीच्ड?" दुबई की ट्युनिस, ते त्यालाही माहीत नसायचं.

हा सगळा प्रवास त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काढला होता. खाली कोपऱ्यात चौकट, ड्रॉइंग नंबर, स्केल, 'ड्रॉन बाय'मध्ये शिरगावकर, 'चेक्ड बाय'मध्येही शिरगावकर. ड्राफ्ट्समन लोकांची एक रीत असते. नकाशात काही बदललं की त्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढायची आणि शेजारी रिव्हिजनचा नंबर टाकायचा. मी पहिल्यांदा तो नकाशा पाहिला तेव्हा अठरावी रिव्हिजन चालू होती. इटली ढगात, ग्रीस ढगात, समुद्र तर ढगांनी गच्च. त्यात जमीन कुठली हे मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली.

"म्हणजे जायचं नक्की ना?" मी विचारायची.

"कन्फर्म नाही, पण फिक्स आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कन्फर्म आणि फिक्स यात फरक काय, ते आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. शिरगावकरांनी अर्धा तास समजावलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "मला वाटतं तो जाऊन आलाय." घ्या!

सराव मात्र जोरात. बोटीच्या पोटात गाड्या चिकटून लावतात म्हणून ते सगळीकडे गाडी खांबाला चिकटून लावायचे. माझं दार उघडायचंच नाही. साडी सावरत, गिअर ओलांडून, ड्रायव्हरच्या बाजूने उतरायचं. जोसेफला सवय झाली होती, तो खिडकीतून यायचा. फ्लॅटमध्ये तर त्यांनी हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीने बोटीची केबिन आखली होती, अगदी मापाने. आत ते स्वतः गादी घालून झोपायचे. जोसेफने रात्री पाणी प्यायला जाताना पट्टीवर पाय दिला की म्हणायचे, "जोसेफ, वो दीवार है."

मी एकदा ती केबिन पाहिली. म्हटलं, "अगंबाई, एवढ्याशा जागेत दोन माणसं?"

"दोनच माणसं," ते म्हणाले. आणि इतके खूश होऊन म्हणाले की मीच म्हटलं, पुरेल की.

जानेवारीत त्यांनी मला कामाला लावलं. एक एप्रिलपासून त्यांची सुट्टी मंजूर झाली होती. माझ्या ऑफिसात परदेशी फॅक्स करायची सोय होती आणि साहेब भला माणूस होता. इराणची जायची आणि यायची बोट सोडून मधल्या चार बोटींच्या बुकिंगचे चार फॅक्स मी पाठवले. तारखा शिरगावकरांनी बोट कंपन्यांच्या छापील वेळापत्रकांवरून काढलेल्या. दोन दिवसांत चारही उत्तरं आली. चारही ठिकाणांहून एकच मजकूर, या तारखेला आमची बोट नाही.

एक चुकेल, दोन चुकतील, चारच्या चार? मी ती वेळापत्रकं मागून घेतली. वारांची नावं नव्हती, नुसते आकडे. एक, तीन, सहा असे. शिरगावकरांनी प्रत्येक एकवर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, शनिवार. मला आधी काही वाटलंच नाही. आमच्याकडे शुक्रवारची सुट्टी, शनिवारी आठवडा सुरू. एक म्हणजे शनिवार, नाहीतर काय? मग आठवलं, आमचा इटलीचा सप्लायर शनिवार-रविवार मेला तरी फोन उचलत नाही. त्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो! कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तसं छापलेलंही होतं. एकोणीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला ते बघायची गरजच वाटली नव्हती. तेवीस रिव्हिजन, आणि सगळ्या बोटी दोन दोन दिवस आधी धरलेल्या.

त्या शुक्रवारी मी शिरगावकरांना जेवायला बोलावलं. आधी पोटभर जेवू दिलं, मग सांगितलं. त्यांचा चेहरा असा पडला की माझं मलाच वाईट वाटलं. पण माझ्याकडे तोडगा तयार होता. जन्मात पहिल्यांदा मला भूगोल समजला होता, मी काय गप्प बसते?

"अहो, त्यात काय एवढं! चारही बोटी दोनच दिवसांनी चुकल्यात ना? मग इराणमध्ये दोन दिवस जास्त राहा. पुढचं सगळं जसंच्या तसं. खलास! तारखा बदलून उद्याच फॅक्स करते. फक्त वहिनींचं पूर्ण नाव द्या, पासपोर्टवर आहे तसं."

शिरगावकर बडीशेपेची वाटी उगाच इकडून तिकडे सरकवत बसले.

"पासपोर्ट काढलाय ना त्यांचा?"

"काढलाय. मागेच काढून ठेवलाय." वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "वहिनी, तिला अजून विचारलेलं नाही."

मला वाटलं माझं परत काहीतरी चुकतंय. "काय विचारलेलं नाही?"

"हेच. येतेस का म्हणून."

दोन वर्षं, तेवीस रिव्हिजन, फरशीवर आखलेली केबिन, आणि जिच्यासाठी हे सगळं तिला पत्ताच नाही! मी चिडलेच. "भाऊजी, कमाल आहे तुमची! अहो, विचारायला काय होतं?"

"नाही म्हणाली तर?" ते म्हणाले. "वहिनी, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. लग्न करून महिन्यात इकडे आलो. हिशेब केला तर सगळे मिळून सतरा महिने एकत्र राहिलोय आम्ही. त्यातही घरात आई, आल्यागेल्याची वर्दळ, कुणाची मुंज, कुणाचं लग्न. मी पोचतो तेव्हा ती चहा देते, निघतो तेव्हा लाडू भरून देते. मधल्या मधे काय बोलायचं ते राहूनच जातं. म्हटलं, गाडीत पाहुणे येत नाहीत. बोटीवरही कुणी येत नाही. पण सत्तर दिवस नुसतं माझ्याबरोबर बसायला तिला आवडेल का, हे मला खरंच माहीत नाही. ओळख कुठे आहे एवढी?"

मला रडायलाच आलं. आमचे हे उठून गॅलरीत गेले. मी डोळे पुसले आणि फोन उचलून त्यांच्यापुढे आदळला. "लावा. आत्ता. नंबर मी फिरवू का?"

देवरुखला फोन लागला. त्या काळी परदेशचा फोन म्हटला की तिकडची माणसं ओरडूनच बोलायची. त्यामुळे सगळा हॉल ऐकत होता. शिरगावकरांनी इराणपासून सुरुवात केली. बोट दोनपर्यंत आले असतील, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अहो, पण गाडी कोण चालवणार?"

"कोण म्हणजे? मी."

"तुम्हाला गाडी चालवता येते?"

शिरगावकरांनी माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षं हा माणूस शारजा-दुबई रस्त्यावर रोज गाडी चालवत होता. "अगं, फोटो नाही का पाठवला? गाडीला टेकून उभा आहे तो?"

"तसले फोटो सगळेच पाठवतात हो. सुर्व्यांच्या मुलानेही पाठवला होता, ती गाडी शेखची निघाली. आम्हाला वाटलं, तुम्ही फोटोपुरते उभे राहिलात."

शिरगावकरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग पलीकडून परत आवाज आला, या वेळी ओरडून नव्हे. मला कान द्यावा लागला.

"मला गाडी लागते हो. घाट लागला की उलट्याच होतात. आधी नव्हतं, मीनाच्या वेळी सुरू झालं ते राहिलं. तुम्ही तिकडे होतात तेव्हा."

मीना त्यांची थोरली. त्या वर्षी कॉलेजात होती.

"मला कुणी सांगितलंच नाही," शिरगावकर म्हणाले.

"सांगायचं काय त्यात. तुम्ही येता तेव्हा कुठे घाटात जातो आपण? पण मी येईन. खिडकीशी बसेन. लिंबू ठेवा जवळ."

शिरगावकरांनी बरोबर आणलेली नकाशाची गुंडाळी उलगडली नाही. टेलिफोनशेजारचं माझं वाणसामानाचं पॅड ओढलं, खिशातली पेन्सिल काढली, आणि त्यावर 'लिंबू' असं लिहिलं. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "अजून काय काय आहे ते सांग. सावकाश सांग. मला काहीच माहीत नाही."