बाकी सगळी माहिती बरोबर

"नाव झालं, वय झालं. आता त्रास काय होतोय ते सांगा," संगणकाच्या पडद्यावरची नजर न हलवता नोंदभाऊ म्हणाले.

"छातीत दुखतंय," काचेपलीकडून पेशंटची सून म्हणाली. "सकाळी अंघोळ झाल्यावर सुरू झालं. डावा हात जड झालाय म्हणत होते."

"म्हणत होते की म्हणताहेत?"

"आता म्हणत नाहीत. आता म्हणतात, मला काही झालेलं नाही, घरी चल."

"म्हणजे शुद्धीवर आहेत. बरं. रक्तगट?"

"ओ पॉझिटिव्ह. अहो, आधी त्यांना आत घ्या ना. इथेच आहेत ते, माझ्या शेजारी, चाकाच्या खुर्चीत."

"घेतोच आहे, ताई. मामा दुसऱ्या पेशंटला सोडून येताहेत, तोवर आपलं उरकून घेऊ. विवाहित?"

"सासूबाई गेल्या. बरीच वर्षं झाली."

नोंदभाऊंनी 'विधुर' या शब्दावर टिचकी मारली आणि पुढच्या रकान्याकडे वळले. तातडीच्या विभागातल्या नोंदणीच्या खिडकीत बसायचे, तर माणसाने पडद्याकडे पाहावे, पेशंटकडे पाहू नये, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी आळसाने नव्हे, विचारपूर्वक घेतला होता. चेहरा पाहिला की मन गुंतते, मन गुंतले की बोट चुकते, आणि बोट चुकले की एकाचे औषध दुसऱ्याच्या नावावर चढते. नेम घेतल्यापासून त्यांच्या हातून एकही नोंद चुकली नव्हती. म्हणूनच सारा विभाग त्यांना नोंदभाऊ म्हणत असे.

एवढ्यात दारातल्या सुरक्षारक्षकाने आवाज दिला. "ती पांढरी गाडी कोणाची? ॲम्ब्युलन्सची वाट अडलीय."

"माझीच. बाबा, इथून हलू नका, मी गाडी लावून आले," म्हणत सून धावली. नोंदभाऊंनी नाव छापलेली मनगटी पट्टी काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवली आणि नुकत्याच आलेल्या वॉर्डबॉय मामांना सांगितले, "खुर्चीतल्या पेशंटला बांधा आणि आत न्या. छातीचं दुखणं आहे, रेंगाळू नका."

सूचनेत काही खोट नव्हती. मामांनीही ती शब्दशः पाळली. खोट निघाली ती खुर्चीत, आणि तीही सून गेल्यापासून मामा खुर्चीपाशी पोहोचेपर्यंतच्या अवधीत. त्या अवधीत काय घडले, ते नोंदभाऊंना पुष्कळ उशिरा कळले. वाचकांनी ते आताच ऐकून ठेवावे, म्हणजे या गोंधळात निदान एकाचे तरी डोके ठिकाणावर राहील.

सासरे बस-स्थानकावरून निवृत्त झालेले कंट्रोलर. गाड्या सोडण्यात हयात गेली, तीही उभ्याने. चारचौघांत चाकाच्या खुर्चीत बसून राहणे त्यांना गाडी भंगारात काढल्यासारखे वाटत होते. शेजारी खांबाला टेकून एक आजोबा केव्हाचे ताटकळत होते. त्यांच्या पत्नीचा हात मोडला होता आणि तिला प्लास्टर घालायला आत नेले होते.

"बसा हो," कंट्रोलर उठून म्हणाले.

"अहो, पण ही खुर्ची तुमची."

"माझी कसली? मी धडधाकट आहे. तुमचेच पाय थरथरताहेत."

आजोबा बसले. मामांनी येऊन पट्टी त्यांच्याच मनगटाला बांधली. "चला आजोबा, आत."

"ती आतच आहे ना?"

"सगळे आतच असतात," मामा म्हणाले. आजोबांना हे उत्तर पुरेसे वाटले. कोणीतरी आपल्याला आपणहून पत्नीकडे नेत आहे, या विचाराने ते खुर्चीत सैलावून बसले.

आत सिस्टरने नियमाप्रमाणे नाव विचारले. आजोबांनी अर्थातच स्वतःचे सांगितले. सिस्टरने पट्टी वाचली, पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर आले.

"छातीत दुखतंय ना, आजोबा?"

"छे."

"सकाळी अंघोळीनंतर दुखायला लागलं होतं की."

"मी अजून अंघोळच केलेली नाही. हिच्या हाताच्या गडबडीत राहून गेली."

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी उमटली. हृदयाचा आलेख काढला, तो इतका निर्मळ निघाला, की शिकाऊ डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवावा. पण ज्याला आपले नाव आठवत नाही, सकाळची अंघोळही आठवत नाही, त्याचे दुखणे छातीत शोधण्यात अर्थ नव्हता.

"हिच्या म्हणजे कोणाच्या, आजोबा?" डॉक्टरबाईंनी हळुवारपणे विचारले.

"बायकोच्या."

सिस्टर कानाशी लागली. "मॅडम, यांची बायको जाऊन कितीतरी वर्षं झालीत. नोंद आहे."

डॉक्टरबाईंनी आजोबांचा हात हातात घेतला. "कुठे आहेत त्या आता?"

"काय माहीत? मघाशी इथेच आणली. मी विचारतोय तर कोणी धड सांगत नाही."

"यांच्या डोक्याचा फोटो काढून घ्या," डॉक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मेंदूला रक्त कमी पडतंय. लगेच न्या."

मामांनी खुर्ची वळवली, आणि प्लास्टरच्या खोलीतून गळ्यात हात अडकवलेल्या आजी बाहेर आल्या.

"यांना कुठे घेऊन चाललात?"

"तुम्ही कोण?" सिस्टरने विचारले.

"मी यांची बायको."

सिस्टरने पट्टीकडे पाहिले, आजींकडे पाहिले, आणि हातातला ट्रे जपून टेबलावर ठेवला. "मॅडम, मी नोंदभाऊंना फोन करते."

कामाच्या वेळात खिडकी सोडून नोंदभाऊ कधी उठले नव्हते. दुसऱ्या खिडकीवरचा सहकारी त्या दिवशी रजेवर होता. रांगेवर लक्ष ठेवायला सुरक्षारक्षकाला सांगून ते आत गेले. पाठोपाठ गाडी लावून आलेली सूनही धापा टाकत पोहोचली.

"नोंदभाऊ, तुम्ही नोंदवलेला पेशंट हाच ना? नीट बघून सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नोंदभाऊंनी नीट पाहिले. पांढरे केस, चष्मा, फिकट सदरा. समोरचा माणूस तोच असू शकत होता, आणि नसूही शकत होता.

"यांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे," ते चाचरत म्हणाले.

"तो काय कपाळावर लिहिलाय?"

"हे माझे बाबा नाहीत," मागून सून म्हणाली. "बाबा कुठे आहेत?"

सगळ्यांचे डोळे नोंदभाऊंकडे वळले. डॉक्टरबाईंनी आवाज चढवला नाही.

"म्हणजे ज्याच्या छातीत सकाळपासून दुखतंय, डावा हात जड झालाय, तो माणूस बाहेर कुठेतरी फिरतोय. खरा अटॅक असला तर प्रत्येक पाऊल महागात पडेल. कसे दिसतात ते?"

"मी सगळी नोंद केलीय, मॅडम. वय, पत्ता, कोणती औषधं चालत नाहीत..."

"मी चेहरा विचारतेय."

"चेहरा सोडून बाकी सगळी माहिती बरोबर आहे," नोंदभाऊ म्हणाले.

"अहो, पण तुमच्या पुढ्यात बसले होते ते," सून म्हणाली. "पांढरे केस आहेत, चष्मा आहे, फिकट सदरा घातलाय."

त्या वर्णनात बाहेरचे अर्धे दालन बसत होते. तरीही सगळे पांगले. मामा फाटकाकडे पळाले, सून गाडीतळाकडे गेली, नोंदभाऊ उपाहारगृहाकडे. चेहऱ्याने ओळखता येत नव्हते, तेव्हा त्यांनी आपल्याला येणारी एकच रीत वापरली. चहा पिणाऱ्या पहिल्याच पांढऱ्या केसांच्या माणसापुढे उभे राहून त्यांनी विचारले, "तुमची जन्मतारीख काय?"

"कोणासाठी विचारताय?" त्या माणसाने कप खाली ठेवला. "माझं लग्न झालंय."

दुसऱ्याने रक्तगट सांगितला, पण तो जुळला नाही. तिसऱ्याचा जुळला, तेव्हा नोंदभाऊंनी त्याचा दंडच धरला. तो माणूस जेवणाचे डबे पोहोचवायला आला होता. पुरुषांच्या स्वच्छतागृहात एका बंद दारावर त्यांनी थाप मारली. "आत कोण आहे? छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही," आतून उत्तर आले. "जा तुम्ही."

एकेक जागा रिकामी निघत होती. कुठल्यातरी जिन्याखाली, कुठल्यातरी बाकाच्या मागे एक माणूस कोसळलेला असेल, लोक त्याच्याभोवती जमतील, कोणीतरी विचारील, हे कोण. आणि त्याचे नाव, वय, पत्ता घडाघडा सांगणारा एकमेव माणूस शेजारून निघून गेला तरी त्याला ओळखणार नाही. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

आतल्या बोळात भिंतीवर फोन होता. नावे पुकारायचा ध्वनिक्षेपक खिडकीतच असतो, हे आठवून त्यांनी फोन उचलला आणि खिडकीचा नंबर लावला.

"नोंदणी. बोला," खिडकीतून आवाज आला. उचलणारा कोण, हा विचार करण्याइतके भान नोंदभाऊंना उरले नव्हते.

"एक नाव पुकारा, ताबडतोब," म्हणून त्यांनी नाव सांगितले.

"पुन्हा सांगा."

नोंदभाऊंनी पुन्हा सांगितले, पत्त्यासकट.

"ठीक आहे. पुकारतो."

लगेच साऱ्या इमारतीत एक खणखणीत, ठाशीव आवाज घुमला. नाव स्वच्छ उच्चारले गेले आणि पुढे सूचना आली, "हे गृहस्थ जिथे असतील, तिथून त्यांनी तातडीच्या विभागात यावे. त्यांची सून काळजीत आहे." घोषणा पुन्हा झाली. नोंदभाऊ दारातून दालनाकडे डोळे लावून उभे राहिले. कोणीही जागचे हलले नाही.

तेवढ्यात गाडीतळाकडून सून धावत आली. तिचे तोंड पांढरेफटक पडले होते.

"हा आवाज कोणाचा?"

"खिडकीतल्या माणसाचा."

"खिडकीतला माणूस तर तुम्ही आहात ना? अहो, हे बाबा आहेत. स्वतःलाच बोलवताहेत."

दोघे खिडकीकडे धावले. समोर रांग होती, आणि आश्चर्य म्हणजे सरळ होती. नोंदभाऊ पुढे घुसताच एकाने त्यांची बाही ओढली.

"ओ, रांगेत या."

"मी इथला लिपिक आहे."

"आत बसलेत ते कोण मग? तुमच्यापेक्षा भरभर घेताहेत."

काचेपलीकडे नोंदभाऊंच्या खुर्चीत सासरे बसले होते. रिकामी खिडकी आणि तिच्यापुढे विस्कटलेली गर्दी त्यांना पाहवली नव्हती. सुरक्षारक्षकाला वाटले, रजेवरच्याच्या जागी आले असतील. डावा हात मांडीवर निपचित पडला होता. उजव्या हाताने ते कोऱ्या कागदावर नाव आणि त्रास तेवढे लिहून एकेकाला आत सोडत होते.

"बाबा, उठा आधी."

"थांब, या बाईंच्या लेकराचं होऊ दे. ताप चढलाय त्याला." त्यांनी चिठ्ठी पुरी केली, बाईंच्या हाती दिली, आणि मगच पेन खाली ठेवले.

"नाव पुकारलंत स्वतःचं, मग आला का नाहीत?" सुनेचे डोळे भरून आले होते.

सासऱ्यांनी उरलेले कोरे कागद एका बाजूला सारले. "तुझ्या सासूला अशाच खुर्चीतून आत नेलं होतं. मी बाहेर उभा होतो."

मामांनी स्ट्रेचर आणले. नोंदभाऊ आत शिरून खुर्चीपाशी उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा त्या माणसाकडे पाहिले. कपाळावर घामाचे थेंब होते, ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. पडद्यावरच्या कोणत्याही रकान्यात न लिहिलेली एक गोष्ट त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. माणूस भ्यालेला होता.

"चार्ज कोणाला देऊ?" सासऱ्यांनी विचारले.

"मला द्या."

"पायात खिळा गेलेला आत पाठवलाय. ताप आलेलं लेकरू आता गेलं. तो बघा, कोपऱ्यात निळ्या सदऱ्यातला. मघापासून प्रत्येकाला पुढे जाऊ देतोय. त्याला आधी घ्या." स्ट्रेचरवर आडवे होताना त्यांना दम लागत होता. "तो सभ्य आहे असं समजू नका. असा माणूस घाबरलेला असतो. माझ्यावरून सांगतो."

मामांनी त्यांना आत पळवले. सून बरोबर गेली. नोंदभाऊंनी पडद्याकडे पाहिले नाही. ते सरळ कोपऱ्यात गेले. निळ्या सदऱ्यातला माणूस पोटाशी हात घट्ट धरून भिंतीला टेकला होता.

"माझं काही विशेष नाही हो," तो म्हणाला. "आधी त्यांचं बघा."

नोंदभाऊंनी त्याच्याकडे पुरते पाहून घेतले. मग रिकामी खुर्ची ओढून त्याला तिच्यात बसवले, आणि खुर्ची स्वतः ढकलत आत नेली. वाटेत त्याने दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा नोंदभाऊंनी खांदा दाबून त्याला खाली बसवले.

आत डॉक्टरबाई हाती आलेखाची पट्टी घेऊन सुनेशी बोलत होत्या. "अटॅकच आहे. पण वेळेत सापडलेत. वर नेताहेत, शीर मोकळी करतील. रडू नका आता, धोका टळेल." पलीकडे आजी डाव्या हाताने आजोबांच्या मनगटावरची पट्टी ओढून पाहत होत्या. ती काही केल्या निघत नव्हती.

डॉक्टरबाईंचे लक्ष नोंदभाऊंकडे गेले.

"आता हे कोण? नाव काय यांचं?"

"विचारायचं राहिलं."

"वय?"

"तेही राहिलं."

"त्रास काय होतोय?"

"काही होत नाही म्हणताहेत. म्हणून तर आणलं."

"नोंदभाऊ, नोंद नाही, नाव नाही, मग मी तपासू कोणाला?"

"यांना," त्या माणसाच्या खांद्यावरचा हात न काढता नोंदभाऊ म्हणाले. "माणूस हाच आहे, मॅडम. बाकीची माहिती मागाहून आणतो."