शिदूअण्णांचं पाण्यावरचं घर

शिदूअण्णांना कुठलीही उभी वस्तू बघवत नसे. ती सोडून पुन्हा बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बैलगाडीचं जू असो, गोठ्याचं दार असो, नाहीतर माझ्या शाळेतला फळा असो, मान वाकडी करून दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, "ह्ये काय खरं न्हाई, मास्तर. सोडा!" मी हो-नाही म्हणेपर्यंत फळा जमिनीवर आलेला असे. शाळेतली मुलं त्यांच्यावर जीव टाकत. मला ते जमत नसे, कारण त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती आणि त्यांची नजर तिच्यावर कधी जाईल, याची मला कायम धास्ती.

या खोडीपायी त्यांनी पोटच्या लेकीचं माहेर तोडलं होतं. हौसाच्या लग्नात वऱ्हाडाची पंगत बसलेली आणि अण्णांना मांडवाची एक मेढ तिरकी दिसली. झालं! त्यांनी दोरी सोडली आणि अख्खा मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर आला. व्याही दाजीबा आमटीनं न्हाऊन बाहेर निघाले. शब्दाला शब्द लागला. अण्णा म्हणाले, "तुमच्या दारात पाय ठिवणार न्हाई!" दाजीबा म्हणाले, "मग आमची सून तुमच्या गावच्या येशीत पाय ठिवणार न्हाई!" दोघेही शब्दाचे पक्के. हौसाचं सासर कृष्णेच्या पलीकडे, दोन मैल खाली. पण तीन नागपंचम्या गेल्या, पोरगी आली नाही. अण्णा तिचं नाव काढत नसत. नुसते सोडत आणि बांधत.

जर्मनची लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी नदीकाठच्या गावांनी ठरवलं, श्रावणात पाणी जरा ओसरलं की तराफ्यांची शर्यत घ्यायची. आमच्या घाटापासून सांगलीपर्यंत. प्रत्येक तराफ्यावर देखावा हवाच. बैठकीत अण्णांनी एकच विचारलं, "मदल्या घाटांवर बायामाणसं येत्यात का बगायला?"

"येतील की."

"मग तराफा मी बांदणार."

तालमीच्या पोरांना रणगाडा करायचा होता. पलटणीतून परतलेला एक जण आगबोटीसाठी हटून बसला होता. अण्णा म्हणाले, "घर करायचं."

"कुणाचं घर? रामाचं का रावणाचं?"

"माजं."

पोरं हसून लोळली. पण तराफा बांधणार अण्णा, म्हणजे विषय संपला. रॉकेलचे रिकामे डबे आणि वाळके भोपळे बांबूंखाली आवळले आणि वर अण्णांचं घर उभं राहू लागलं. उभं राहिलं की खरं नाही, सोडा! चूल उजवीकडे गेली, डावीकडे आली. एके दिवशी त्यांनी राहत्या घराचा उंबरा उपटून तराफ्यावर नेला. त्यांच्या बायकोला, सोनाकाकूंना, मधल्या खड्ड्यावरून उडी मारून घरात शिरावं लागे. मग अण्णांना सुचलं, सारवलेली भुई पाहिजे.

मी म्हटलं, "अण्णा, पाण्यावर माती? ओझ्यानं मागं पडू."

"पडू दे. भुई सारवल्याली पायजे. हौसाला..." एवढं बोलून त्यांनी मातीची पाटी माझ्याच हातात दिली. मी शेणमाती कालवायला बसलो.

शर्यतीच्या दिवशी दुसऱ्या गावांचा रणगाडा पुढे गेला, आगबोट पुढे गेली, सोन्याची लंकाही पुढे गेली. आमचं घर पाणी पीत मागून चाललं. वल्ही मारणारी पोरं अण्णांच्या नावानं बोटं मोडत होती. सोनाकाकू चुलीपाशी बसल्या होत्या. अण्णा एक गाठ सोडत, दुसरी आवळत, पुन्हा पहिलीकडे येत. मी खांब धरून बसलो होतो, तोही त्यांनी दोनदा तपासला.

एकाएकी ते ओरडले, "पलीकडच्या घाटाला लावा!"

घाटावर दाजीबा फेटा बांधून उभे होते. मागे बायकांच्या घोळक्यात हौसा, पदर तोंडात धरून. अण्णांनी तराफ्याच्या कडेला उभं राहून हात जोडले.

"पाव्हणं, मी तुमच्या दारात आलो न्हाई, नदीत हाय. आनि ह्ये माजं गाव न्हवं. हितं येस बी न्हाई. नुसतं घर हाय. लेकीला घटकाभर आत येऊ द्या."

दाजीबांनी घराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मेढी घट्ट हायत न्हवं?"

"मी सोता बांदल्यात."

"म्हनून तर इचारतो," दाजीबा म्हणाले आणि मागे वळले. "जा सूनबाई. सांगलीपतुर जाऊन ये. सांगली काय त्येंचं गाव न्हवं."

सोनाकाकूंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून पाण्यात टाकला. हौसा आत आली, सारवलेल्या भुईवरून तिनं हात फिरवला आणि आईच्या गळ्यात पडून रडू लागली. मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू?

पोरांना मात्र हुरूप आला. लंका अजून वळणावर दिसत होती, गाठली असती. त्यांनी जोरात वल्ही मारली.

अण्णा मागच्या बाजूला आमच्याकडे पाठ करून उभे होते. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत ते म्हणाले, "हळू मारा रं पोरांनो. सांगली लय जवळ हाय."