बिनटॅक्सचा देश आणि आठल्यांचा राजमा

आमच्या शेजारच्या आठल्यांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते विचारणाऱ्याकडे क्षणभर रोखून बघतात आणि उलट विचारतात, "ग्रॉस की नेट?"

नवा माणूस गोंधळतो. मग आठल्ये समजावून सांगतात, "ग्रॉस म्हणाल तर उत्तम. त्यातून डावा गुडघा, पहाटेचा खोकला आणि या देशाची हवा वजा करा. नेट बरा आहे."

अर्जुन, सई, तुम्ही मेलबर्नहून आमच्याकडे ईलिंगला आला होतात, तेव्हा याच गृहस्थांनी अर्जुनला त्याचा पॉकेटमनी विचारला होता. आकडा ऐकल्यावर "यातून आइस्क्रीम वजा, आइस्क्रीममुळे दातांचा डॉक्टर वजा" असं करत करत त्यांनी त्याला जवळजवळ रडवलं होतं. ते हे आठल्ये. त्यांच्याबद्दल तुम्हाला नीट लिहून कळवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

त्यांची आणि आमची भिंत एकच. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की तुमचे आजोबा आमचा गॅस बघायला उठतात, इतका शेजार. निवृत्त होईपर्यंत आठल्ये एका बिस्किटांच्या कारखान्यात पगारखात्यात होते. लोकांच्या पगारातून टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन वगैरे कापायचं आणि उरेल ते त्यांच्या खात्यात धाडायचं, हे त्यांचं काम. करारात लिहिलेला पगार खरा नव्हे, हातात पडतो तो खरा, हा एकच धडा त्यांनी आयुष्यभर गिरवला आणि निवृत्तीनंतर तो फुकट शिकवायला सुरुवात केली.

विद्यार्थ्यांना तोटा नाही. पुण्याहून, नागपूरहून वर्क व्हिसावर आलेली कितीतरी मुलंमुली आमच्या आसपास राहतात. दर महिन्याला पे-स्लिप उघडली की टॅक्सचा आकडा बघून ती कपाळावर हात मारतात. अशात कुणाला तरी दुबईहून नाहीतर दोह्याहून नोकरीची ऑफर येते. तिथे इन्कम टॅक्स नाही! मग तो मुलगा किंवा मुलगी रविवारी सकाळी आठल्यांच्या स्वयंपाकघरात हजर. आठल्ये आधी पोहे खायला घालतात. मग राजमा काढतात.

हा राजमा खायचा नाही. एका पत्र्याच्या डब्यात तो वर्षानुवर्षं आहे. एक दाणा म्हणजे शंभर पौंड. महिन्याचा पगार टेबलावर मांडायचा, समोर स्टीलच्या वाट्या ठेवायच्या आणि एकेका खर्चाचे दाणे एकेका वाटीत टाकत जायचं. शेवटी जे उरतं ते आठल्ये समोरच्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "मिटा मूठ. हा तुमचा पगार." कागदावरचा आकडा माणसाला फसवतो, मूठ फसवत नाही, असं त्यांचं मत. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या तेव्हा त्यांनी एकदा न सांगता तो डबा रिकामा करून उसळ केली होती. "एका मॅनेजरचा अख्खा पगार हिने फोडणीला टाकला," हे आठल्ये अजून सांगतात. उसळ मात्र दोनदा वाढून घेतली होती, असं वहिनी सांगायच्या.

एका रविवारी आम्हीही पोह्यांना होतो, तेव्हा निखिल आला. मुलगा हुशार, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. चेहरा असा, की जणू व्हिसा हातात पडलाच.

"काका, दुबई! टॅक्स झीरो! जेवढा पगार तेवढा खिशात!"

"बेसिक किती?" आठल्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पगाराचे तुकडे असतात, बाळा. बेसिक वेगळा, घरभाडं वेगळं, प्रवास वेगळा. नोकरी सोडताना तिथे जी रक्कम देतात ती नुसत्या बेसिकवर. बेसिक किती?"

निखिलने फोन काढला, ऑफर वाचली आणि त्याचा आवाज थोडा खाली आला. "निम्म्याहून कमी आहे."

"बरं. राहणार कुठे?"

निखिलने मरीनाजवळचा एक फ्लॅट दाखवला. त्याच्या बाल्कनीतून समुद्र दिसत होता. आठल्यांनी मूठभर राजमा उचलून पहिल्या वाटीत ओतला. खणखण आवाज झाला.

"काका, एवढा?"

"समुद्र दिसतोय ना? आणि भाडं महिन्याच्या महिन्याला नाही हं. काही महिन्यांचे चेक आधीच लिहून द्यायचे. टॅक्स नाही असा देश नसतो, निखिल. घेणारा बदलतो. इथे सरकार घेतं, तिथे घरमालक."

मग बायकोच्या विम्याची वाटी झाली, गाडीची झाली, एसीची झाली. निखिल म्हणाला, "पण काका, इथे पेन्शनचे पैसे कापतात, ते तर वाचतील?"

"ते तुझेच आहेत की! म्हातारपणीच्या निखिलला पाठवतोयस. तिथे तो बिचारा उपाशी."

आठल्ये लबाड मात्र नाहीत. जमेची बाजूही मांडतात. हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल नाही म्हणून दोन दाणे परत. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, नाही म्हणून दोन परत. कढीपत्ता स्वस्त म्हणून अर्धा दाणा देता येईना, तेव्हा त्यांनी तो खरोखर सुरीने कापायला घेतला. आजोबांनी हात धरला.

शेवटी निखिलच्या तळहातावर जे पडलं ते इथल्यापेक्षा थोडंसंच जास्त होतं. त्याने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "म्हणजे नको जाऊ?"

"मी कुठे म्हटलं? मी फक्त हातात ठेवलं."

निखिल गेला नाही. त्याच्या आधीचेही कुणी गेले नव्हते. आजोबा म्हणायचे, "आखाती विमान कंपन्यांना कळलं, तर त्या आठल्यांना गप्प बसायचा पगार देतील." त्यावर आठल्ये गंभीरपणे विचारायचे, "बेसिक किती?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका संध्याकाळी मृणाल आमच्या दारात आली.

मृणाल ही आठल्यांची एकुलती मुलगी. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा नवरा समीर आणि छोटी रेवा यांच्याबरोबर बसच्या दोन स्टॉपवर राहायची. सुमनवहिनी गेल्यापासून आठल्यांचा दिवस रेवाभोवती फिरायचा. साडेतीनला तिला शाळेतून आणायचं, वाटेतल्या प्रत्येक मांजराशी बोलत घरी यायचं, वरणभात भरवायचा आणि मृणाल येईपर्यंत तिच्या बाहुल्यांचे पगार काढायचे.

"काकू," मृणाल म्हणाली, "मला अबू धाबीची ऑफर आलीय. समीर कुठूनही काम करू शकतो. मला जायचंय. इथे पाच वर्षं एकाच जागेवर आहे मी. तिथे पूर्ण डिपार्टमेंट माझ्याकडे असेल." मग तिने आमच्या सामायिक भिंतीकडे बोट दाखवलं. "बाबा म्हणाले, रविवारी ये, मांडू. काकू, तुम्ही आणि काका पण या ना. मी एकटी बसले तर ते मला वाटीवाटीने हरवतील."

रविवारी आम्ही गेलो. पोहे नेहमीसारखेच होते, फक्त आठल्ये मीठ विसरले होते. रेवा टेबलाखाली खेळत होती. आठल्यांनी डबा उघडला, मृणालचा पगार मांडला आणि वाट्या ओळीने लावल्या.

"बेसिक किती?"

मृणालने सांगितलं. चांगला होता.

"घर?"

"हॉस्पिटल देतं."

पहिली वाटी रिकामी राहिली.

"रेवाची शाळा?"

"तेही तेच देतात. विमा पण. वर्षातून एकदा सगळ्यांचं येण्याजाण्याचं तिकीट पण."

वाट्या चकचकीत रिकाम्या. आठल्ये बघत राहिले. आता तुमच्या आजोबांना राहवेना. ते मित्राच्या मदतीला धावले.

"एसी! तिथे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. एसीचं बिल घाला."

"विजेचं बिल घरात धरलंय," आठल्ये म्हणाले. "वजा नाही."

"गाडी?"

"बस आहे हॉस्पिटलची. वजा नाही."

"अहो, पण महागाई! ती... काय ती... ब्रोकोली! सगळं बाहेरून येतं तिथे!"

"ब्रोकोली इथेही बाहेरूनच येते, भाऊ. खोटी वजावट मी आजवर कुणाच्या पगारात केलेली नाही."

मी आजोबांच्या पायावर पाय दिला. समीर खिडकीबाहेर बघत होता. सगळ्यांना एकच वाटत होतं, की या माणसाने आता काहीतरी वजा करावं, निदान अर्धा दाणा तरी. आठल्यांनी खाण्याच्या खर्चाचे, फोनचे, किरकोळीचे दाणे अगदी नेमके बाजूला केले. इथे राहून पेन्शनमध्ये जितके टाकले असते तितकेही बाजूला केले आणि म्हणाले, "हे स्वतः साठवायचे. विसरायचं नाही." मग उरलेला ढीग दोन्ही हातांनी उचलला.

"हात पुढे कर."

मृणालने तळहात पुढे केला. पुरला नाही. तिने ओंजळ केली. तरी दाणे बोटांमधून निसटून टेबलाखाली पडले आणि रेवा ते वेचायला लागली.

"बाबा," मृणाल म्हणाली, "तुम्ही काहीतरी विसरलात."

"काय?"

"तुम्ही."

"मी या हिशेबात नाही. पगार तुझा आहे." त्यांनी रिकाम्या वाट्या एकात एक घातल्या. "जा. हे आकडे बघून जर मी नको म्हटलं, तर इतकी वर्षं मी लोकांना सांगितलं ते सगळं खोटं ठरेल. आणि पोह्यांत मीठ नाहीये, तुम्ही कुणी सांगितलं का नाहीत?"

ऑगस्टमध्ये ती मंडळी गेली. विमानतळावर आठल्ये अगदी व्यवस्थित होते. रेवाला त्यांनी एवढंच विचारलं, की बाहुल्या ग्रॉस किती नेतेस आणि नेट किती. ती तिच्या लंडनी मराठीत म्हणाली, "आबा, सगळा बाहुल्या नेते." आठल्ये म्हणाले, "शाब्बास."

त्यानंतर आम्ही त्यांना वरचेवर संध्याकाळी जेवायला बोलवू लागलो. एकटा माणूस, स्वयंपाक तरी काय करणार? पण दर वेळी एकच उत्तर. "जेवण झालंय, वहिनी." सात वाजता विचारलं तरी झालंय, सहा वाजता विचारलं तरी झालंय. एकदा तर मी पाच वाजताच फोन केला. तेव्हाही झालेलं! आजोबा म्हणाले, "डाएट असेल. ग्रॉस वजन कमी करताहेत." मला काळजी वाटू लागली. माणूस जेवतच नाही आणि आपल्याला फसवतोय, असं वाटायला लागलं.

ऑक्टोबरच्या अखेरीला घड्याळं एक तास मागे गेली, त्यानंतरची गोष्ट. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. म्हटलं, आता विचारायचंच नाही, डबा नेऊन समोर उघडायचा. आमचं दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं, अडीच वाजले असतील. मी मागच्या बागेतून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. बाहेर पाऊस भुरभुरत होता, म्हणून आत दिवा लागलेला. काचेतून दिसलं. टेबलावर ताट वाढलेलं होतं. वरणभात, पोळी, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून उभा केलेला. फोनमध्ये रेवा. तिच्यापुढेही ताट, आणि तिच्यामागच्या खिडकीत अबू धाबीची, चार तास पुढची रात्र.

"आबा, तुमचा पोळी तसाच आहे!"

"खातोय गं. तू आधी भाजी संपव."

"तुम्ही दही नाही घेतला."

"राहिलं बघ."

"मग आणा. मी थांबते."

आठल्ये उठले आणि फ्रीजकडे वळले, तेव्हा त्यांनी मला पाहिलं. दार उघडलं नाही. नुसता हात वर केला, जरा थांबा, असा. मग दह्याचा डबा घेऊन पुन्हा ताटावर जाऊन बसले. मी पुरणपोळ्यांचा डबा दाराबाहेरच्या पायरीवर छपराखाली कोरड्यात ठेवला आणि परत आले.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. "येताहेत का संध्याकाळी जेवायला?"

"त्यांचं रात्रीचं जेवण चाललंय," मी म्हटलं.

आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. ते उठले आणि त्यांनी किटलीत पाणी भरलं.

"मग चहाला बोलाव," ते म्हणाले. "चहा अजून इथल्याच वेळेवर घेत असतील."