एका मिठाच्या पुडीचा धूर

आमच्या शेजारच्या दत्ताकाकांकडे गेलात, तर पाणी विचारायच्या आधी ते विचारतात, "कशानं आलास? एकटाच?" रिक्षानं आलो म्हणालात की कपाळाला आठी. "आन् रिक्षात आनखी कोन व्हतं?" कोणी नव्हतं म्हणालात तर संपलंच. "म्हंजे येवढा धूर एकट्यासाठी!" चहा मिळतो, पण तो गप्प बसून प्यावा लागतो.

काका भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते. "आमी जलमभर पाण्यावर वीज केली, धूर नाय केला," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की आमच्या मांजरालाही पाठ असेल. निवृत्तीनंतर ते कर्जतला आमच्या इमारतीत राहायला आले. वर्षभरात काकू गेल्या आणि काका सगळ्या इमारतीच्या मागे लागले.

एकदा मी फोनवरून नुसती कोथिंबीर मागवली. ती घेऊन मोटरसायकलवाला वर आला, तर काका जिन्यात उभे. "एका जुडीसाठी मोटरसायकल?" मी चिडले. म्हटलं, मग काय करू, स्कूटर काढून बाजारात जाऊ?

"त्ये तर त्याहून वाईट! खालापूरच्या गोदामातनं ऑनलाइन सामानाचा टेंपो निघतो, एका फेरीत धा घरांचं सामान टाकतो. त्यो बरा. पायी बाजारात गेलीस तर सगळ्यात बरं. पन एका जुडीसाठी एकटीनं स्कूटर नाय काढायची, सांगून ठेवतो."

शेवटी त्यांनी अख्ख्या मजल्याला नियम घालून दिला: सगळ्यांनी सामान एकत्र मागवायचं, रविवारच्या टेंपोनं. आम्ही कुरकुरलो आणि ऐकलं. या माणसाचा धड रागही येत नाही.

हाच नियम त्यांनी लेकीलाही लावला. वैशाली पुण्याला असते. दर रविवारी गाडी घेऊन यायची, डाळ-तांदूळ भरून द्यायची, दुपारी बापाबरोबर जेवायची. "एका म्हाताऱ्याच्या सामानाला पुन्यावरनं गाडी?" काका तिला म्हणाले. "ऑनलाइन धाड. टेंपो येतोच हाय." वैशाली बापाचीच लेक. तिनं ऐकलं.

तेव्हापासून रविवारी तिनं पाठवलेलं खोकं टेंपोतून येतं, आणि काका सकाळपासून फाटकाशी उभे असतात. आम्हाला वाटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर पाळत ठेवतायत.

मागच्या महिन्यात खोकं जड होतं म्हणून मीच वर आणून दिलं. काकांनी एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडली. तांदूळ, तूरडाळ, चहा, गुडघ्याला लावायचं मलमसुद्धा. मग रिकाम्या खोक्यात हात फिरवून पाहिला.

"काही राहिलं का, काका?"

"नाय गं. सगळं आलं." ते खोक्याकडेच बघत होते. "कायतरी ऱ्हायला पायजे व्हतं."

मी रिकामं खोकं उचलायला वाकले. तेवढ्यात काकांनी फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"वैशू, मीठ संपलं गं."

"लगेच पाठवते, बाबा."

"धाडू नको. तू घेऊन ये."

ती म्हणाली, "एका मिठाच्या पुडीसाठी पुण्याहून गाडी? बाबा, धूर किती होईल?"

ओट्यावर मिठाची बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरणीकडे पाठ केली.

"होऊ दे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी वैशाली आली. गाडीनं, एकटीच, हातात मिठाची पुडी. मी मुद्दाम दारातच उभी राहिले. म्हटलं, बघू या आता काय बोलतात ते. काकांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. कशानं आलीस, हे विचारलं नाही. एकटीच का, हेही नाही.

"जेवून जाशील ना?" एवढंच विचारलं. "भात दोघांचा लावलाय."