टपालपेट्यांसमोरचा खांब

अमेरिकेत, सनीव्हेलमधल्या आमच्या रस्त्यावर दिव्याच्या प्रत्येक खांबाला न्यायमूर्ती नेमलेले आहेत. ही माहिती इथल्या महापालिकेला नाही. ती उमाळकर काकांना आहे आणि त्यांच्यामुळे नाइलाजाने मला.

रोज सकाळी साडेआठला काका काळा कोट घालून फिरायला निघतात. ऊन कितीही असो, कोट असतोच. पहिल्या खांबापाशी थांबून मान किंचित झुकवतात आणि एक नाव पुटपुटतात. ते नागपूरच्या जुन्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. दुसऱ्या खांबाला दुसरं नाव. क्रम शपथविधीचा. एकाच दिवशी दोघांची शपथ झाली असेल तर आधी कोणाची झाली, तेही पाठ. पहिल्या फेरीत जुनं हायकोर्ट संपतं, दुसऱ्या फेरीत खंडपीठ सुरू होतं. मध्यंतरी रस्त्याच्या कामासाठी एक खांब काढला, तेव्हा काकांनी तिथल्या न्यायमूर्तींची बदली समोरच्या फुटपाथवर केली आणि मला तसं रीतसर कळवलं.

आमच्या टपालपेट्यांसमोर एक खांब आहे. दुसऱ्या फेरीत तिथे काका कोणाचंच नाव घेत नाहीत. थांबतात, चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसतात आणि पुढे जातात. माणूस ऐंशीचा आहे, दम लागत असेल, असं मी धरून चालले होते.

हे सगळं मला दिसतं, कारण मी घरी असते. जिथे एकोणीस वर्षं मी चिप डिझाइन केल्या त्या कंपनीने मला आठ मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढून टाकलं. त्यातली तीन मिनिटं समोरच्या बाईचा माइक बंद होता. तेव्हापासून मला कोणाचंच फारसं कौतुक वाटत नाही आणि काकांशी माझं जमलं ते बहुतेक त्यामुळेच. त्यांनाही वाटत नाही.

काका शेजारच्या मेधाचे वडील. नागपूरला तीस-पस्तीस वर्षं वकिली केली. काकू गेल्यावर मेधाने त्यांना इकडे आणलं. आल्या आल्या त्यांचा आणि माझा परिचय झाला तो असा: मी पुण्याची म्हटल्यावर ते म्हणाले, “म्हणजे आमचं हायकोर्ट ज्यांनी गिळलं, त्यांच्या बाजूच्या.” मी म्हटलं, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. ते म्हणाले, ही सबब प्रत्येक आरोपी सांगतो.

त्यांचा राग थोडक्यात असा. नागपूरला स्वतःचं पूर्ण हायकोर्ट होतं. राज्यांची पुनर्रचना झाली, हायकोर्टाचा संसार जबलपूरला गेला आणि नागपूरला मुंबईचं खंडपीठ उरलं. ही गोष्ट काका अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच ट्रकमध्ये सामान भरताना यांनी पाहिलं. हायकोर्टाचं मुख्य पीठ मुंबईत, म्हणून मुंबईचा कोणी भेटला की त्याला ते ‘प्रिन्सिपल सीटवाले’ म्हणतात. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपण गाडीत पुढे बसतो त्याबद्दल काहीतरी असावं.

“आधी सिनिऑरिटी बघा,” हे त्यांचं आवडतं वाक्य. आमच्याकडे गणपतीच्या जेवणाला तीस-चाळीस माणसं असतात आणि जो तो हातात पेपर प्लेट घेऊन घुसतो. काकांना ते बघवेना. इथल्या निम्म्या लोकांची ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षं चालू आहे आणि प्रत्येकाला एक ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे रांगेत लागल्याची तारीख आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. काका हरखलेच. “म्हणजे सिनिऑरिटी लिस्ट तयारच आहे की बाप्पा.” पुढच्या वर्षी ते पुरणपोळीच्या टेबलाशी उभे राहिले आणि ज्याची तारीख सर्वांत जुनी त्याला पहिली पोळी, असा क्रम त्यांनी लावला. बारा वर्षं रांगेत असलेला एक गृहस्थ पोळी घेताना चक्क रडला. अमेरिकेत त्याला कोणत्याही यादीत पहिला नंबर मिळाला तो हाच.

जेवण कसं झालं विचारलं तर काका म्हणतात, “निकाल राखून ठेवला आहे.” माझ्या उपम्याचा निकाल चार वर्षं राखून आहे.

निवडणुकीच्या दिवसांत मात्र ते कासावीस होतात. इथे न्यायाधीशही मतं मागतात. लोकांच्या हिरवळीवर उमेदवाराच्या नावाच्या पाट्या असतात. एकदा अशा पाटीसमोर काका बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्याकडे मागत नाहीत, शुभा. बोलावणं येते. मुख्य न्यायमूर्ती चेंबरमध्ये चहाला बोलावतात आणि विचारतात, तुमची संमती आहे काय? लेखी संमती दिली, की मग नाव पुढे जाते.”

“तुम्हाला बोलावलं होतं?” मी विचारलं.

“माझी फाइल दिल्लीत अडकली,” ते म्हणाले आणि चालू लागले.

दिल्लीत अडकलेली फाइल सगळ्यांना माहीत होती. इथे आल्यापासून काकांनी ती जावयाला, डेंटिस्टला, देवळातल्या पुजाऱ्याला, सगळ्यांना सांगितली होती. मेधा ती ऐकून ऐकून किटली होती. तीही वकील होती, नागपूरलाच, त्याच कोर्टात. लग्न करून इकडे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सात वर्षं घरात गेली. आता ती एका सॉफ्टवेअर कंपनीत अटी आणि शर्ती लिहिते, म्हणजे आपण न वाचता ज्याखाली ‘मान्य’ दाबतो तो मजकूर. ती म्हणते, जगातली सर्वांत जास्त न वाचलेली लेखिका मी आहे.

एकदा चालता चालता ती मला म्हणाली, “मी प्रॅक्टिस सोडते म्हटलं ना, तर बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची ती फाइल अडकली होती. सगळा राग माझ्यावर काढला. खरं सांगू, त्यांना मुलीपेक्षा खुर्ची प्यारी होती. अजूनही तेच चाललंय, यार. आय ॲम सो टायर्ड ऑफ इट.”

बापाविषयी कडू बोलणाऱ्या मुलींना मी अडवत नाही, माझाही त्यात थोडा अनुभव आहे.

यंदा नागपूरच्या काही वकिलांनी स्मरणिका काढायची ठरवली आणि कोर्टाचा इतिहास, नेमणुकांसकट, काकांकडे मागितला. काकांचा हात आता थरथरतो. घरात बसून असलेली, मराठी टाइप करणारी बाई एकच होती. मोबदला म्हणून मेधाच्या हातची सांबारवडी, म्हणजे त्यांच्याकडची कोथिंबिरीची वडी, ठरली.

दीड महिना मी रोज सकाळी दहाला त्यांच्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसत होते. काका येरझाऱ्या घालत सांगायचे, स्वल्पविरामासकट. एका न्यायमूर्तींच्या नावातल्या एका आद्याक्षरासाठी त्यांनी मला पान तीनदा बदलायला लावलं. दोन शपथविधी एकाच दिवशी होते, त्यातला कोणता जेवणाआधी झाला हे पाठ असूनही खात्रीसाठी त्यांनी नागपूरच्या एका जुन्या मित्राला फोन लावला. मित्र नव्वदीचे, ऐकू कमी येणारे. अर्धा तास दोघं एकमेकांवर ओरडत होते. शेवटी काकांचाच क्रम बरोबर ठरला.

मी वैतागून म्हटलं, “काका, हे कोण वाचणार आहे?”

“कोणी वाचो न वाचो. रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड, शुभा. त्यात खोटं एक अक्षर जाऊ द्यायचं नाही.”

शेवटचं प्रकरण होतं ते ज्यांचं नाव पुढे गेलं पण नेमणूक झाली नाही अशा वकिलांचं. तिकडून कच्ची यादी आली होती आणि तिच्यात पहिलं नाव काकांचं होतं. मेधाने मला बाजूला घेऊन सांगितलं की, काहीही कर, पण यांना दिल्लीवर चार पानं लिहू देऊ नकोस, लोक हसतील. मी काकांना विचारलं, तुमच्याबद्दल काय लिहायचं? ते म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. असा आठवडा गेला. तारखा पडण्याचा आजार त्यांच्या धंद्याचाच, म्हणून मी सोडून दिलं.

मग एका सकाळी त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली, यादीतल्या इतरांची कात्रणं त्यात होती. काका चहा करायला आत गेले. कात्रणांच्या मध्ये एक पातळ कागद होता, टाइप केलेल्या पत्राची कार्बन प्रत. इंग्रजीत दोनच वाक्यं. आपण माझा विचार केलात याबद्दल मी ऋणी आहे. कौटुंबिक कारणामुळे मी संमती देऊ शकत नाही. खाली काकांची सही, थरथर नसलेली.

काका कप घेऊन आले तेव्हा कागद माझ्या हातात होता. त्यांनी कप ठेवले, आणि कोट घातलेला नसताना उगाच बाही चाचपली.

“काका, फाइल दिल्लीला गेलीच नव्हती?”

“संमतीच नाही तर फाइल कुठून जाते बाप्पा,” ते म्हणाले. एक कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग हळूहळू बोलले. “मेधाला सनद मिळून दोन वर्षं झाली होती. त्याच आठवड्यात तिने पहिली केस एकटीने जिंकली होती. एका शाळेच्या शिपायाची पेन्शन होती. घरी पेढे घेऊन आली. मी वर बसलो असतो तर कायदा एवढंच म्हणतो, की तिने माझ्यापुढे उभं राहायचं नाही. बाकीच्यांपुढे राहा म्हणतो. पण वकिलांच्या बाररूममध्ये काय बोलतात ते मी आयुष्यभर ऐकलं होतं न. जज्जाची पोरगी. तिने जिंकलेली प्रत्येक केस माझ्या नावावर गेली असती.”

“आणि वर्षभरात ती—”

“हो. लग्न ठरलं, इकडे आली.” ते थोडं हसले. “महिनाभर माझ्याच्यानं तिच्याशी बोलवलं नाही. तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर आलं असतं.”

मला भयंकर राग आला. त्यांचा, मेधाचा, त्या व्हिसाचा, नक्की कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, तिला सांगा. आजच्या आज सांगा. ती तुमच्याविषयी काय समजून बसली आहे, माहीत आहे का तुम्हाला?

“माहीत आहे. भिंती पातळ आहेत तुमच्या अमेरिकेत.” काकांनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. “काय सांगू तिला? तुझ्यासाठी मी सोडलं, आणि तूही सोडलंस? सात वर्षं ती पोरगी घरात बसून रडली आहे. तेवढी शिक्षा पुरे. आता यात तिला आणखी आरोपी कशाला करू?”

“मग ते दिल्लीचं?”

“तिनेच विचारलं होतं, बाबा, तुमचं नाव का आलं नाही? काहीतरी सांगणं भाग होतं. दिल्ली दूर होती.”

त्यांनी चहा संपवला, उठले आणि येरझाऱ्या घालायला लागले. “घे लिहून. या यादीतील उमाळकर यांचे नाव नजरचुकीने आले आहे. त्यांचे नाव कधीही विचारात घेतले गेले नव्हते. पूर्णविराम.”

मी लॅपटॉपवरून हात काढून घेतले. मी म्हटलं, “काका, रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड ना?”

“म्हणूनच. तोंडी काय, कोणालाही सांगितलं. छापून दिल्लीवर खोटा आरोप करता येत नाही. स्वतःवर केला तर तक्रार करायला कोणी येत नाही. लिही.”

मी लिहिलं. आयुष्यात मी टाइप केलेलं सर्वांत खोटं वाक्य ते आहे, आणि मी कंपनीसाठी स्वतःचं वार्षिक मूल्यमापन एकोणीस वेळा लिहिलेलं आहे. कार्बन कॉपी काकांनी चार तुकडे करून कचऱ्यात टाकली, कागदाच्या वेगळ्या डब्यात. इथले नियम ते पाळतात.

रविवारी मेधाने ते प्रकरण वाचलं. माझ्या समोरच वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली, परत वाचली आणि मग माझ्याकडे बघून हसली. वाईट हसली नाही, हेच जास्त वाईट होतं.

“बघ. नावच नव्हतं. आय न्यू इट,” ती हळूच म्हणाली. “बिचारे बाबा. इतकी वर्षं उगाच दिल्लीला शिव्या दिल्या. आणि मी उगाच चिडत बसले, यार. आता कबूल तरी केलं.”

मी सांबारवडी खात होते. चव कळत नव्हती, तरी दोन खाल्ल्या, म्हणजे तोंड भरलेलं राहील. मेधाने वडिलांसाठी चहा केला आणि स्वतः नेऊन दिला. मी चार वर्षांत तिला असं करताना पाहिलं नव्हतं. काकांनी घोट घेतला. कसा झालाय, तिने विचारलं. निकाल राखून ठेवतील असं मला वाटलं, पण ते म्हणाले, “छान झाला आहे.”

आता ती रविवारी त्यांच्याबरोबर फिरायला जाते. माझ्या खिडकीतून दिसतात दोघं. ते खांबापाशी थांबतात, नाव सांगतात, ती मोठ्या माणसाने लहान मुलाची कविता ऐकावी तशी ऐकते. परवा मी टपाल आणायला खाली उतरले होते, तेव्हा त्यांची दुसरी फेरी चालू होती. टपालपेट्यांसमोर काका थांबले, चष्मा काढला, पुसायला लागले.

“हा कोणाचा, बाबा?” मेधाने विचारलं.

“हा रिकामा आहे,” काका म्हणाले. “चल पुढे.”

तिने त्यांचा हात धरला आणि दोघं पुढच्या खांबाकडे गेले. मी पेटीचं दार उघडं टाकून तशीच उभी राहिले. पेटीत टपाल काहीच नव्हतं.