विहिरीतले सहा मासे आणि त्यांच्या जागी नेमलेले प्राध्यापक

विषावर संशोधन करायचे झाल्यास विष कोणत्याही दुकानात मिळते. अडचण येते ती निरोगी जीव मिळवताना. देवपूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे प्रा. रुपचंद बोरसे यांना हे १९८९ साली उमगले. त्यांचा विषय होता, तणनाशकाचे गोड्या पाण्यातील माशांच्या यकृतावर, कल्ल्यांवर व मूत्रपिंडांवर होणारे परिणाम. प्रबंध मंजूर झाला की नोकरी कायम होणार होती. (माशांना कोणतेही आश्वासन देण्यात आले नव्हते.)

मासे वना भोई या मासेमाराने आणून दिले. दहा तणनाशकाच्या टाकीत सोडले, दहा स्वच्छ पाण्यात. चार दिवसांत स्वच्छ पाण्यातले नऊ मेले. तणनाशकातले दहाही मजेत होते. त्यांतल्या दोघांचे तर वजन वाढले होते.

मार्गदर्शकांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा पाहिले. स्वच्छ पाणी घातक असल्याचे छापल्यास लोक अंघोळ सोडतील, सबब नवे मासे आणावेत, असे ठरले. वनाला मात्र नवल वाटले नाही. शेतकरी फवारणीचे पंप धुतात त्या डबक्यातले हे मासे होते. तंबाखू एकदम तोडली की माणसाचेही असेच होते, असे त्याने सरांना समजावले.

मग सरांनी सायकलवरून सतरा तळी पालथी घातली. अखेर दोन कोसांवरच्या खेड्यात, भिकुबाई या वृद्ध बाईंच्या विहिरीत सहा निर्व्यसनी मासे सापडले. सर तासभर विज्ञानाचे महत्त्व सांगत होते. भिकुबाईंनी सगळे ऐकून घेतले.

“मासा जित्ता शे म्हनीसन आम्ही पानी पेतस,” त्या म्हणाल्या. “तू मासा लई जाशी, मंग पह्यलं पानी कोन पिई?”

मासे गेल्यावर पाणी आधी पिऊन बघायचे कोणी, हा प्रश्न शास्त्रीय होता. सरांनी ती जागा स्वतः स्वीकारली.

त्या दिवसापासून सर रोज सकाळी येत, एक तांब्या पाणी पीत आणि अर्धा तास ओट्यावर बसत. भिकुबाई त्यांची जीभ, डोळे व चाल तपासत. सर शुद्धीवर आहेत अशी खात्री पटली की गल्ली घागरी भरे. (रविवारी सुटी नसे, माशांनाही नव्हती.)

तिकडे प्रयोगशाळेत त्या माशांची यकृते सुजली, कल्ले झडले. प्रबंधाची पाने भराभर वाढली आणि सर उजवी कूस चाचपू लागले. एका सकाळी शेजारचे शेत कसणारा झुलाल विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप धुताना दिसला. सर सायकल टाकून धावले, पंप हिसकावला आणि त्याला यकृत बिघडल्याची चौतीस लक्षणे लॅटिन नावांसकट ऐकवली. झुलालने घाबरून शेतच बदलले. संशोधनाचा समाजाला झालेला तो पहिला उपयोग.

“मासा इतला बोंबले नही,” भिकुबाई समाधानाने म्हणाल्या.

सर डॉक्टर झाले, कायम झाले. विहिरीत सोडायला सहा नवे मासे घेऊन गेले, तर गावाने ते परत केले. आसपासच्या अकरा गावांनीही एकेक प्राध्यापक मागितला आहे. पण तेवढे प्राध्यापक नाहीत. तूर्त ही जबाबदारी सामान्य नागरिकांवर, त्यांना न कळवता, सोपवण्यात आली आहे. तरी वाचकांनी पाणी पिऊन अर्धा तास बसावे. यकृत उजवीकडे, बरगड्यांखाली असते. काही वाटल्यास बोंबलावे. आम्ही घागरी घेऊन थांबलो आहोत.