बस स्थानकाला लागलेली डुलकी

टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, तोच इंजिनिअरचा फोन वाजला. त्यानं तो कापला. पुन्हा वाजला. बायको होती.

टाळ्यांचं कारण असं. त्याच्या कंपनीत एकेका दांडग्या यंत्राच्या पोटात डझनावारी आभासी संगणक नांदत. प्रत्येकाला वाटे, सगळं यंत्र आपल्या एकट्याचंच. या गोतावळ्याला सांभाळून घेणारा प्रोग्राम म्हणजे हायपरवायझर. कुणाला काही हवं असलं की त्यानं ठरलेल्या पद्धतीनं हाक मारायची आणि हायपरवायझरनं ते पुरवायचं. या हाकांमध्ये नव्या सोयी घालणं हे इंजिनिअरचं काम; तेही जुन्यांपैकी कुणाला पत्ता लागू न देता. त्या सकाळी त्यानं डुलकीची सोय सुरू केली होती. प्रत्येक हाकेच्या शेवटी एक मोकळी जागा असे आणि तिथं शून्य ठेवावं असा दंडक होता. आता तिथं शून्याऐवजी काही आलं, तर त्याचा अर्थ, ‘मला सध्या काम नाही, कुणी उठवेपर्यंत झोपतो.’ विजेची चिक्कार बचत! जुने संगणक बिचारे शून्यच ठेवणार. त्यांना काय फरक पडतोय?

“बोल पटकन. आमच्या बॉस मॅडम समोर आहेत.”

“आईला गाडीत बसवायला स्टँडवर आलेय,” बायको म्हणाली. तिचा आवाज आधीच रडवेला होता. सासूबाई चांगल्या राहायला म्हणून आल्या होत्या आणि ‘तुम्ही दोघं कामावर, मी काय भिंतींशी बोलू?’ म्हणून निघाल्या होत्या. “इथला स्पीकर म्हणतो, ‘फलाट क्रमांक’. आणि गप्प! सगळा स्टँड माना वर करून उभा आहे.”

“अगं, बिघडला असेल.”

“चौकशीवाल्यानं बटण दाबलं की म्हणतो, ‘चारवरून सुटणारी गाडी’. की पुन्हा गप्प. आई म्हणते, याला डुलकी लागतेय.”

‘डुलकी’ ऐकताच इंजिनिअरनं फोन ठेवला. त्यानं घाईघाईनं तपासलं. बस स्थानकाचा आभासी संगणक म्हणजे त्यांच्या यंत्रांतला सगळ्यात म्हातारा. त्याचा प्रोग्राम लिहिणाऱ्यानं त्या मोकळ्या जागेत शून्य कधी ठेवलंच नव्हतं. आधीचा जो काही कचरा उरला असेल तो तसाच जाई. इतकी वर्षं तिकडं कुणी बघत नव्हतं म्हणून निभावलं. आता प्रत्येक हाकेसरशी बिचारा झोपत होता.

“सोय काढून टाका,” मॅडम म्हणाल्या.

“काढली तर जे खरोखरच सांगून झोपलेत, त्यांना उठवणार कोण?”

मॅडमनी कपाळावर हात मारला. “मग पुढची दुरुस्ती करा. आणि तिथं जाऊन करा. स्थानकाचे मॅनेजर माझ्या नावानं ओरडतायत.”

तो लॅपटॉप काखोटीला मारून धावत पोचला, तेव्हा स्पीकर म्हणत होता, “प्रवाशांना विनंती आहे की त्यांनी...”

“काय करावं आम्ही?” एक हमाल ओरडला.

“त्यांनी ढकलाढकली करू नये!” स्पीकरमधून दुसराच खणखणीत आवाज आला. “अहो निळा शर्ट, तुम्हालाच सांगतेय! आजींना पुढं जाऊ द्या. शाब्बास!”

स्थानकभर हशा पिकला. इंजिनिअरनं बायकोकडं पाहिलं.

“आई तक्रार करायला गेली होती,” ती म्हणाली. “मॅनेजरांनी वैतागून माईकच तिच्या हातात दिला.”

सासूबाईंचा जन्म शाळेत कवायत घेण्यात गेला होता. त्यांच्या शब्दासरशी स्टँडवर आपोआप रांगा लागत होत्या.

इंजिनिअर सासूबाईंच्याच बॅगेवर बसला आणि त्यानं कामाला हात घातला. यापुढं ज्याला डुलकी हवी, त्यानं आधी तसं कळवायचं. ज्यानं कळवलं नाही, त्याच्या मोकळ्या जागेकडं ढुंकूनही बघायचं नाही. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. स्पीकर सपाट सुरात सबंध वाक्य बोलत होता.

कुणी टाळी वाजवली नाही. उलट रांगा विस्कटल्या, आणि मॅनेजर तरातरा आले.

“दुरुस्त कशाला केलंत? पहिल्यांदाच लोक ऐकत होते! त्याला फलाटाचा नंबर सांगून मिनिटभर झोपू दे. पुढचं बाई सांगतील. रोज येणारेत, ठरलंय आमचं.”

“पण आई, तुमची गाडी?” इंजिनिअरनं विचारलं.

“माझी गाडी?” सासूबाई माईक हातात धरूनच म्हणाल्या आणि ते सगळ्या स्थानकानं ऐकलं. “मघाशी मीच सोडली की! वेळेवर सुटली.”

बायको रडता रडता हसायला लागली.

मॅडमना फोनवर हे पटवताना इंजिनिअरला घाम फुटला. “म्हणजे कालपर्यंतचं तर जपायचंच, वर आजची चूकसुद्धा जपायची?” त्यांनी विचारलं.

“हो. पण मागितली तरच.”

पुढच्या आठवड्यात सासूबाई संध्याकाळी कामावरून परतल्या आणि चपला काढता काढताच कडाडल्या, “जावईबापू, तुमचा तो ठोंब्या आज फार लवकर उठला. माझं वाक्य तोडलं मेल्यानं!”

“चुकलं, आई,” म्हणत जावईबापूंनी निमूटपणे लॅपटॉप उघडला आणि डुलकी थोडी लांबवली.